तांबं पितळ दिसू नये म्हणून: नव्वद हजारांच्या हिशेबात बसवलेला जुना जीएच-५ कॅमेरा

"ताई, तुमच्या कॅमेऱ्यात आमचं तांबं पितळ होतंय."

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत एका कारखान्याच्या पायरीवर बसून मी आदल्या रविवारचं शूट दाखवत होते. आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या सातशे-डी कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे पाहिलं आणि हे एवढंच बोलून पुन्हा घंगाळ ठोकायला बसले. मला वाईट वाटलं, कारण ते खरं होतं.

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि रविवारी फिल्म करते. छंद म्हणावं तर पैसे फार जातात, धंदा म्हणावं तर येत नाहीत. तांबटांवरची बारा-पंधरा मिनिटांची डॉक्युमेंटरी दोन वर्षं रेंगाळली होती. कॅनन ७००डी २०१३ सालचा. फोटोला अजूनही उत्तम, पण व्हिडिओ १०८० पर्यंतच आणि तोही ८-बिट. भिशी लागली, त्यात थोडी शिल्लक घातली, नव्वद हजार झाले. घरात जाहीर केलं की यापुढे एक रुपया नाही. (तो पुढे गेला. सांगते.)

आधी तांबं पितळ का होतं, ते. कारखान्यात दारातून दिवसाचा निळसर उजेड येतो, वर हिरवट छटेची जुनी ट्यूब, कोपऱ्यात एलईडीचा दिवा आणि भट्टी पेटली की नारिंगी झोत. मी व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग कसाही असो, पांढरं पांढरंच दिसावं म्हणून असलेली सेटिंग) ऑटोवर ठेवायचे. भट्टीचा झोत वाढला की कॅमेरा 'फार लाल झालं' म्हणून सगळ्यातला लाल कमी करायचा, आणि तांबं पितळेकडे झुकायचं. म्हणजे अर्धी चूक माझीच. ती उजेडाच्या रंगाचा आकडा (तो केल्व्हिनमध्ये असतो) हाताने लावून सुटली, फुकट.

उरलेली अर्धी सुटेना. एडिटिंगला बसून रंग तांब्याकडे वळवायला गेले, की घंगाळाच्या गोल पोटावर पट्टे दिसू लागायचे. जलरंगात वॉश देताना मध्येच कागद वाळला की जशी कड उमटते, तशीच कड. मुलांच्या वहीत ती दिसली की मी गुण कापते. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, १०-बिटमध्ये १०२४. चकचकीत, वळणदार तांबं म्हणजे शंभर टक्के छटांचाच खेळ. एका टोकाला काळपट तपकिरी, दुसऱ्या टोकाला जवळपास पांढरा. तिथे २५६ पायऱ्या ताणल्या की जिना दिसतो. त्यात मठारकाम. हातोडीच्या ठोक्यांच्या ओळी, प्रत्येक ठोक्याचा छोटा आरसा. तो नीट दिसला नाही तर माझी फिल्म कशाबद्दल आहे?

तेव्हा माझी गरज एका वाक्यात ठरली: कॅमेऱ्यातच १०-बिट नोंद हवी, आणि कॅमेरा मला एकटीला हातात धरून चालवता आला पाहिजे. ४के, स्लो मोशन, यूट्यूबवरच्या मुलांचे डोंगरावरचे शॉट हे सगळं त्यानंतर.

भाच्याचं मत वेगळं. "मावशी, सरळ सोनी झेडव्ही-ई१० घे, फोकसची कटकटच संपते." डेक्कनजवळच्या एका दुकानातून एक रविवार भाड्याने आणला. आधार कार्डाची प्रत, अनामत रक्कम, आणि परत करायला अर्धा तास उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचं भाडं. हे शेवटचं कलम परत करतानाच कळलं.

झेडव्ही-ई१० चं ऑटोफोकस खरोखर जादू आहे. आजोबा वाकले, उठले, बंबाआड गेले, चेहरा सुटला नाही. नेटवर सगळे ओरडतात की ४के मध्ये चित्र कापलं जातं. ते कापणं सेकंदाला ३० फ्रेम घेताना आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, म्हणून मी २५ फ्रेम आणि १/५० शटरवरच शूट करते. तिथे पूर्ण रुंदी मिळते. (१/६० वर ट्यूबखाली शूट करून बघा, भिंतीवरून सावल्या सरकताना दिसतील. मी दोन महिने ट्यूबला दोष देत होते.) पण बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही आणि नोंद ८-बिटच. म्हणजे रंगाची तक्रार घेऊन बाजारात गेले आणि फोकस घेऊन परत आले असते. व्लॉग करणाऱ्याला, एकट्याने कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्याला मी तोच सुचवेन. २०२४ च्या दुसऱ्या आवृत्तीत १०-बिट आहे, पण लेन्ससकट ती माझ्या भिशीत बसत नव्हती. सोनीच्या एफएक्स३० ची नुसती बॉडी दीड लाखाच्या पुढे ऐकली आणि चहा पिऊन उठले.

दुसरा सल्ला एका ओळखीच्या सिनेमॅटोग्राफरचा: ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के. चित्राबद्दल वादच नाही. रॉ नोंद (जवळपास कच्चीच, नंतर हवी तशी रंगवता येणारी), आयएसओ म्हणजे उजेड टिपण्याच्या क्षमतेचे ४०० आणि ३२०० असे दोन मूळ टप्पे, म्हणजे अंधाऱ्या कारखान्यासाठीच बनवल्यासारखा, आणि सोबत डाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ या एडिटिंगच्या प्रोग्रॅमचा परवाना. पण मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. बॅटरी भुकेली, म्हणून मोठी बॅटरी. ती लावायला पिंजरा, म्हणजे कॅमेऱ्याभोवतीची धातूची चौकट. रॉ साठवायला एसएसडी. ती पकडायला क्लँप. स्क्रीन वळत नाही, स्टॅबिलायझेशन नाही, चालत्या माणसामागे फोकस धरणारं काही नाही. मी स्टुलावर उभी राहून, एक पाय भिंतीला टेकवून शूट करणारी बाई. ते धूड धरायला एक माणूस लागला असता, आणि त्याला जेवायला घालायला मी.

राहिला पॅनासॉनिक जीएच-५. २०१७ चा. जुना म्हणून दुकानदार नाक मुरडतात, आणि म्हणूनच तो परवडतो. ४के २५ फ्रेमला कॅमेऱ्यातच १०-बिट ४:२:२ (म्हणजे रंगाचा तपशील नेहमीच्या ४:२:० पेक्षा जास्त), बॉडीत पाच अक्षांचं स्टॅबिलायझेशन, वळणारा स्क्रीन, माइक आणि हेडफोन दोन्हीची भोकं, पूर्ण आकाराचं एचडीएमआय, दोन कार्डं, आणि रेकॉर्डिंगला वेळेची मर्यादा नाही. यादी माझ्या गरजेवरून उतरवून काढल्यासारखी.

सेकंडहँड घेताना मी एकदा फसता फसता वाचले. वाकडच्या एका मुलाने "फक्त चार हजार शटर काउंट" म्हणून बॉडी दाखवली. शटर काउंट फोटोंचा असतो. व्हिडिओ कितीही तास चालवा, तो आकडा हलत नाही. लग्नाच्या सीझनमध्ये दिवसाला दहा तास राबलेला कॅमेराही कागदावर कोरा दिसतो. म्हणून आकडा सोडून मी अंग तपासलं. एचडीएमआयची केबल लावून हलवली तर मॉनिटरवरचं चित्र गेलं. माइकचं भोक ढिलं. लेन्सची टोपी लावून, आयएसओ वाढवून एक मिनिट रेकॉर्ड केलं तर काळ्यावर दोन लाल ठिपके. नमस्कार करून परत फिरले. येताना बसमध्ये उभं राहावं लागलं, तेवढाच तोटा.

दुसरा मिळाला तो कर्वेनगरच्या एका गृहस्थांकडे. निवृत्त, पक्ष्यांचे फोटो काढणारे, मूळ पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली. १२-६० किट लेन्ससकट अठ्ठावन्न हजार. घासाघीस केली नाही. त्यांनी कॅमेरा देताना ज्या हाताने पुसला ते बघून जमलंच नाही.

बाकीचा हिशेब असा गेला. माझ्याकडच्या कॅननच्या ५० एमएम एफ-१.८ साठी व्हिलट्रॉक्सचा स्पीड बूस्टर (लेन्स या बॉडीला जोडणारा आणि तिचा उजेड एकवटणारा, आत भिंग असलेला अडॅप्टर), साडेनऊ हजार. हा या कॅमेऱ्यावरचा सगळ्यात शहाणा खर्च. ०.७१ पट म्हणजे ती लेन्स साधारण ३५ एमएम, एफ-१.३ होते. एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड, आणि दिसायला सातशे-डीवर दिसायची त्याहून किंचित रुंदच. ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर (मोठा आणि बारीक आवाज दोन्ही न फाटता पकडणारा) साडेदहा हजार. व्हेरिएबल एनडी फिल्टर (लेन्सवर लावून उजेड हवा तेवढा अडवणारी काच), एक जादा बॅटरी, १२८ जीबीची दोन वेगवान (व्ही३०) कार्डं, हे सगळं मिळून आठ हजार चारशे. उरले तीन हजार सहाशे.

रेकॉर्डरबद्दल दोन शब्द. तांबट आळीतला आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको. पाच-सहा हातोडे एकदम सुरू झाले की बोललेलं आपल्याला आपलंच ऐकू येत नाही. आधीच्या शूटमध्ये ठोका पडला की आवाज फाटायचा, आणि ठोका थांबला की कॅमेऱ्याचा ऑटो गेन (आवाज आपोआप वाढवणारी सोय) फुगून पंख्याची घरघर वर आणायचा. आता ठोका आणि आजोबांचं पुटपुटणं दोन्ही एकाच फाइलमध्ये शाबूत आहेत. पूर्ण नव्वद हजार बॉडीत घातले असते तर हे जमलं नसतं.

आता तक्रारी. ऑटोफोकस. जीएच-५ मध्ये फेज डिटेक्ट, म्हणजे फोकस कुठे न्यायचं ते थेट ओळखणारी पद्धत, नाही. पॅनासॉनिकने ते २०२३ मध्ये आणलं. कॉन्ट्रास्टवर शोधत पुढे-मागे होणारं फोकस व्हिडिओत चक्क श्वास घेतल्यासारखं दिसतं, आणि अडॅप्टरवरच्या कॅनन लेन्सवर तर विचारूच नका. मी ते बंद केलंय. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) लावते, रिंग हाताने फिरवते. सवयीला दोन महिने लागले आणि त्या दोन महिन्यांतले निम्मे शॉट गेले. ज्यांच्या घरी रांगणारं मूल आहे आणि त्यालाच शूट करायचंय, त्यांनी हा कॅमेरा घेऊ नये.

अंधारात तो पॉकेटच्या जवळपासही नाही. सेन्सर दोघांचा जवळपास सारखाच, पण याला ३२०० चा तो दुसरा मूळ टप्पा नाही. १६०० आयएसओपर्यंत मी निश्चिंत असते, ३२०० ला दाणे दिसतात, त्यापुढे मी दिवा मागवते. बूस्टरचा एक स्टॉप म्हणूनच महत्त्वाचा. किट लेन्स रुंद बाजूला एफ-३.५, अरुंद कारखाना पूर्ण दाखवायला ती लागते आणि तिथेच उजेड कमी पडतो. सकाळी दहा ते साडेअकरा दारातून ऊन आत येतं, रुंद शॉट मी तेवढ्यातच उरकते.

आणि आता तो जास्तीचा रुपया. पहिलं शूट घरी आणलं, विंडोजवरच्या मोफत डाविंची रिझॉल्व्हमध्ये टाकलं, आणि आवाज आला, चित्र नाही. 'मीडिया ऑफलाइन'. तासभर वाटलं कार्ड गेलं. मग कळलं की मोफत आवृत्ती विंडोजवर ही १०-बिट ४:२:२ एच.२६४ फाइल उघडतच नाही. त्यासाठी २९५ डॉलरची स्टुडिओ आवृत्ती लागते. पॉकेटसोबत जी मिळत होती, तीच. वहीच्या मागच्या पानावरच्या हिशेबात हे मी धरलंच नव्हतं. उपाय फुकटचा निघाला: शटर एन्कोडर नावाच्या मोफत प्रोग्रॅममधून सगळं आधी डीएनएक्सएचआर या एडिटिंगला सोप्या फाइल-प्रकारात बदलून घ्यायचं. रात्री लावून झोपायचं. पण बदललेल्या फाइली मूळच्या कितीतरी पट फुगतात, आणि मूळ फाइलच १५० एमबीपीएसला तासाला साडेसदुसष्ट जीबी. एक मोठी हार्ड डिस्क आली. तीन हजार सहाशे तिच्या पासंगालाही पुरले नाहीत. घरी मी ती 'शाळेच्या कामाची' म्हणून आणली. हा परिच्छेद घरी कोणी वाचणार नाही अशी आशा आहे.

व्ही-लॉगचं (नंतर रंग द्यायला सोयीचं फिकट चित्र देणारी सेटिंग) वेगळे पैसे देऊन उघडायचं कुलूप मी उघडलेलं नाही. कॅमेऱ्यातच असलेल्या सिनेलाइक-डी या साध्या सेटिंगवर शूट करते, तेवढ्यात तांबं वळतं. मेन्यूत सिस्टिम फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवर आहे ना ते घेतल्या घेतल्या बघा. मागच्या मालकाने ५९.९४ वर ठेवलं असेल तर २५ फ्रेम यादीतच दिसत नाहीत आणि माणूस वेडा होतो. पावसाळ्यात कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. आमच्याकडे तो पूर्वी पोह्यांचा डबा होता.

गेल्या रविवारी नवं शूट लॅपटॉपवर घेऊन गेले. तोच कारखाना, तीच पायरी. घंगाळाच्या पोटावर भट्टीचा उजेड हळूहळू चढतो, पट्टा नाही, कड नाही. आजोबांनी चष्मा या वेळी नाकावर घेतला आणि अगदी जवळ जाऊन पाहिलं.

"तांबं आहे," म्हणाले.

मी खुशीत. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "पण ही तिसरी ओळ बघा. ठोका चुकलाय. एवढं स्वच्छ दिसतंय तर हे काढून टाका, लोक बघतील."

तो शॉट फिल्ममधला सगळ्यात चांगला आहे. अजून वाटाघाटी चालू आहेत.