भरपाई नवऱ्याकडून मागावी की शासनाकडून?

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातील कलम 22 नुसार मागितलेली भरपाई नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या खिशातून येते, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळणारी पीडित भरपाई शासन देते, आणि खरा फरक इथेच पडतो. पहिल्या मार्गात मानसिक छळाचीही भरपाई मागता येते. शिवाय उपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी कलम 20 खाली वेगळी मागता येते. बीडहून ऊसतोडीला गेलेली एखादी बाई मारहाणीनंतर माहेरी परतली, तर तिला कारखान्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत, कारण ती तात्पुरती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज चालतो. अडचण वसुलीची आहे: नवरा पगारदार असेल तर न्यायालय थेट मालकाला रक्कम भरायला सांगू शकते, पण उचल घेऊन फडावर गेलेल्याचा पगार कुठून कापणार?

दुसऱ्या मार्गात ही चिंता नाही. मात्र तिथे गुन्ह्यामुळे इजा किंवा नुकसान झाल्याचे आणि पुनर्वसनाची गरज असल्याचे दाखवावे लागते. भाजणे, अपंगत्व अशा गंभीर इजेत मी आधी हाच अर्ज सुचवेन. दवाखान्याच्या पावत्या, पिशवीत चुरगळलेल्या का असेनात, दोन्हीकडे उपयोगी पडतात. वकील मात्र स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.