वेस्टफ्लेटेरेन १२ : पैसे बिअरचे किती, रांगेचे किती?

बेल्जियमच्या पश्चिम टोकाला, पोपरिंगेच्या हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) मळ्यांजवळ, सेंट सिक्स्टस हा ट्रॅपिस्ट, म्हणजे कडक नियमाने राहणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांचा, मठ आहे. तिथले संन्यासी १८३० च्या दशकापासून बिअर करतात आणि मठाचा खर्च भागेल एवढीच करतात. मागणी वाढली म्हणून उत्पादन वाढवायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं. २००५ मध्ये रेटबिअर या बिअरना गुण देणाऱ्या वेबसाइटच्या यादीत त्यांची 'वेस्टफ्लेटेरेन १२' जगात पहिली आली आणि मठाच्या दाराशी गाड्यांच्या रांगा लागल्या.

तेव्हापासून या ३३ सेंटिलिटरच्या बाटलीला दोन भाव आहेत. ऑनलाइन नोंदणी करून ठरल्या वेळी मठातून क्रेट उचललं तर बाटली साधारण दोन-तीन युरोला पडते. ब्रसेल्सच्या पर्यटकी दुकानांत तीच दहा-पंधरा युरोला. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या एका सुपरमार्केट साखळीने ती ९.९५ युरोला विकायला ठेवली, तेव्हा मठाने उघड नाराजी व्यक्त केली. मधल्या फरकातला एक सेंटही मठाला मिळत नाही.

मठाच्या भावाला ही बिअर चक्क स्वस्त आहे. १०.२ टक्के अल्कोहोल, गडद तपकिरी रंग, आणि तो रंग मुख्यतः गडद कँडी साखरेचा (म्हणजे उकळून काळपट केलेल्या साखरेचा). नाकाशी सुकं अंजीर आणि काळे मनुके, जिभेवर काकवी, थोडं चॉकलेट. एवढी साखर वापरूनही शेवट कोरडा, कारण यीस्ट ती साखर जवळजवळ सगळी खाऊन टाकतं. हे यीस्ट वेस्टमाल्ले या दुसऱ्या ट्रॅपिस्ट मठाकडून येतं. उत्तम बिअर आहे, वाद नाही. पण पंधरा युरोच्या बाटलीत दोन युरोच्या बाटलीपेक्षा वेगळं काहीच नसतं. असलाच तर दुकानाच्या काचेत काढलेला उन्हाळा.

पंधरा युरो मोजण्याआधी सेंट बर्नार्डस आब्ट १२ घ्या. मठापासून जवळच वातू गावात ती तयार होते. १९४६ ते १९९२ या काळात याच ब्रुअरीकडे मठाच्या बिअरचा परवाना होता. परवाना संपला, बिअर चालू राहिली. १० टक्के अल्कोहोल, बेल्जियमच्या साध्या सुपरमार्केटमध्ये तीनेक युरोला सहज मिळते. जुळी बहीण नव्हे: आब्टमध्ये फसफस जास्त, केळं आणि लवंग पुढे, वेस्टफ्लेटेरेन जरा गोलसर, शांत. फरक खरंच कळतो का, हे तपासायला तीन सारखे ग्लास घ्या. दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी, ओतणारा वेगळा आणि तापमान एकच. वेगळा ग्लास ओळखा. नुसत्या अंदाजानेही सरासरी तिघांतला एक जण बरोबर येतो, म्हणून निदान पाच-सहा फेऱ्या करा.

जास्त पैसे मोजावेत अशी बिअर बेल्जियममध्येच आहे: ग्यूझ. हिच्यासाठी लाम्बिक ही मूळ बिअर थंडीच्या महिन्यांतच करतात, रात्रभर उघड्या पसरट भांड्यात निवू देतात आणि हवेतल्या यीस्टवर सोडतात. मग एक, दोन आणि तीन वर्षं लाकडी पिंपांत मुरलेल्या लाम्बिकांचं मिश्रण बाटलीत भरतात. तीन वर्षं पिंप अडकून पडतं, थोडी बिअर लाकडातून उडून जाते, एखादं पिंप नको इतकं आंबून सरळ फेकावं लागतं. हा खर्च बाटलीत चव म्हणून दिसतो. तरी सुरुवात आंडरलेख्टच्या कांतियों ब्रुअरीपासून नको. आधी लेम्बेकच्या बून ब्रुअरीची ग्यूझ प्या. ती मोठ्या प्रमाणावर होते, म्हणून बरीच स्वस्त. ही आंबट आवडली तरच पुढे जा.

वेस्टफ्लेटेरेन घ्यायचीच असेल, तर बेल्जियमला गेलात की मठासमोरच्या 'इन द व्रेडे' कॅफेत ग्लासने प्या. उघडा असण्याचे वार आधी बघून ठेवा. दुकानातून घेतलीत तर पिवळं बूच पाहा (निळं म्हणजे मठाचीच '८', हिरवं म्हणजे फिकट रंगाची 'ब्लाँड') आणि तारीख वाचा. काचेच्या शेल्फातली, उन्हात उभी असलेली बाटली कितीही दुर्मीळ म्हटली तरी घेऊ नका. उष्णतेने ऑक्सिडेशन (ऑक्सिजनमुळे बिअर बिघडणं) वाढतं आणि मनुक्यांच्या जागी भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो.

भारतात आणताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटर दारू शुल्कमुक्त. सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, अगदी मापात. सातवी नको. चोवीसचं आख्खं क्रेट आणायचं तर तुम्ही धरून घरचे चार प्रौढ हवेत! प्रत्येक बाटली जाड मोज्यात, मग झिपच्या पिशवीत, आणि चेक-इन बॅगेच्या मध्यभागी कपड्यांत. हँडबॅगेत चालत नाही. पुण्या-नागपुरात उन्हाळा असेल तर कपाटावर ठेवू नका, फ्रिजच्या दारातही नको. मागच्या बाजूला, उभी.

उघडण्याआधी दोन दिवस हलवू नका, म्हणजे साका तळाला बसतो. फ्रिजमधून काढल्यावर अर्धा तास थांबा; १२ ते १६ अंशांवर अंजीर-काकवी कळते, चार अंशांवर नुसतीच कडू-गोड लागते. अल्कोहोलच्या हिशेबाने ही छोटी बाटली ५ टक्क्यांच्या ६५० मिलीलिटरच्या अख्ख्या बाटलीएवढी आहे, तेव्हा एक दोघांत पुरे. रुंद तोंडाच्या ग्लासात एका दमात, सावकाश ओता आणि तळाचं बोटभर ठेवा. तो साका वेगळ्या छोट्या ग्लासात घ्या. कडवट, पावाच्या कच्च्या पिठासारखा लागतो. काहींना बाटलीपेक्षा तोच आवडतो.