जुनी ऑटोमॅटिक पिकअप आणि खारी हवा: मिरगापासून आंब्यापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगतो. गाडी चांगली आहे आणि ठेवणार आहे. पण पहिले काही महिने गिअरने जो ताप दिला, तो बऱ्याच अंशी गिअरबॉक्सचा नव्हताच. हे कळेपर्यंत साडेतीन लाखांचा खर्च दारात येऊन उभा राहिला होता. म्हणून सीट, एसी, म्युझिक वगैरे सोडून इथे गिअरबद्दलच जास्त लिहितोय.

गाडी म्हणजे डबल कॅब डिझेल पिकअप, सहा-सात वर्षं जुनी, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनाची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारी) सहा गिअरची ऑटोमॅटिक. देशावरून आणलेली. आम्ही राहतो पावसजवळ, रात्री समुद्राची गाज घरात ऐकू येते इतक्या अंतरावर. गाडीला काम म्हणजे खताच्या गोण्या, फवारणीचा पंप, कधी चिरे, आणि मार्चपासून आंब्याच्या पेट्या घेऊन आंबा घाटाने कोल्हापूर. ऑटोमॅटिक कशाला, असं सगळेच विचारतात. डावा गुडघा, दुसरं काही नाही. क्लच दाबत घाट चढायचे दिवस संपले.

मिरग लागला आणि दुखणं सुरू झालं. सकाळी डी, म्हणजे पुढे जायचा गिअर, टाकला की मागून कुणी ढकलल्यासारखा झटका. भाट्याचा पूल ओलांडून चढ लागला की कधी कधी गिअर वरही जाईना आणि खालीही येईना, मीटरमधला गिअरचा आकडा लुकलुकायला लागायचा आणि चेक इंजिनचा दिवा लागायचा. गाडी एकाच गिअरमध्ये रडतखडत चालायची. कडेला घेऊन चावी बंद केली, दोन मिनिटांनी परत चालू केली, की सगळं ठीक. याशिवाय एक वेगळंच लक्षण होतं: हायवेला साठ-सत्तरच्या वेगात, रेस हलकी ठेवली की गाडी रंबलरवरून गेल्यासारखी थरथरायची. पाय जरा जोरात दिला की थरथर बंद.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. स्कॅनर लावला, पी०७०० आणि पी०७०५ असे दोन कोड आले, आणि संध्याकाळपर्यंत फोन आला की बॉक्स गेला, पूर्ण बदलावा लागेल. पी०७०० चा अर्थ एवढाच असतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला काहीतरी तक्रार आहे, खरी तक्रार दुसऱ्या कोडमध्ये बघा. आणि पी०७०५ म्हणजे लिव्हर पी, आर, एन, डी (पार्किंग, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) यांपैकी कुठे आहे हे सांगणाऱ्या स्विचचं सर्किट. यातून अख्खा बॉक्स बदलण्यापर्यंत कसं पोचायचं, ते मला अजून कुणी समजावलेलं नाही.

गाडी घरी आणली आणि रत्नागिरीतल्या एका वायरमनला बोलावलं. बोटींच्या इंजिनांची वायरिंग करणारा पोरगा, त्यामुळे मिठाने काय काय होतं ते त्याला पाठ. त्याने गाडीला हात लावायच्या आधी एकच प्रश्न टाकला, "काका, आतल्या क्लच प्लेटा जळलेल्या असत्या, तर चावी बंद-चालू करून त्या बऱ्या झाल्या असत्या काय?"

मग विचारलं, कधी पी मध्ये स्टार्टर फिरत नाही आणि एन मध्ये फिरतो, असं होतं का? व्हायचं! पावसाळी सकाळी दोन-तीनदा झालं होतं आणि मी बॅटरीवर ढकललं होतं. लिव्हर पी किंवा एन मध्ये असेल तरच स्टार्टर फिरू द्यायचा, हेही याच स्विचवर ठरतं. त्यामुळे स्विच खोटं बोलायला लागला की एकीकडे स्टार्टर रुसतो आणि दुसरीकडे कंट्रोलरला कळेनासं होतं की गाडी नक्की कशात आहे. कळलं नाही की तो बॉक्स वाचवण्यासाठी एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो. याला लिंप मोड म्हणतात. गाडी बिघडली म्हणून नव्हे, आणखी बिघडू नये म्हणून कंट्रोलर तसं वागतो.

हा स्विच बॉक्सच्या कुशीत बाहेरून बसवलेला असतो, म्हणजे रस्त्यावरचं पाणी थेट त्याच्यावर. कनेक्टरची लॅच उचलली तेव्हा आतली रबरी सील एका बाजूला दुमडलेली दिसली. आठ-दहा पिनांपैकी दोन पिनांवर हिरवट पूड जमली होती आणि एका पिनेचं टोक खाऊन अर्धं झालं होतं. आधीच्या मालकाने गाडी कधी किनाऱ्यावर उतरवली असेल, की आमच्याकडच्या एका पावसाने हे केलं, देव जाणे. माशांचे ट्रे वाहणाऱ्या गाड्यांचं हे याहून वाईट होतं, असं पोराचं म्हणणं. बर्फाचं खारट पाणी हौद्यातून थेट खाली गळतं.

त्याने स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये लिव्हरची जागा उघडून ठेवली आणि मला लिव्हर हळूहळू फिरवायला सांगितली. आर आणि एन च्या मध्ये स्क्रीनवरचं अक्षर नाचत होतं. झालं, सापडला चोर. स्विच नवा घातला, कनेक्टरची टोकं बदलली, आत पाणी अडवणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं. नवा स्विच बसवताना एन च्या खुणेवर जुळवून मगच बोल्ट आवळायचे असतात, नाहीतर तोच गोंधळ नव्याने.

अर्थिंगही तपासलं. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर, आणि स्टार्टर मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ खराब समजा. आमचा आकडा त्याच्या बराच वर गेला. चेसिसकडची पट्टी वरून ठीक दिसत होती, पण बोल्टखाली गंजाची पापडी. घासून, नवी पट्टी टाकून, वर ग्रीस लावलं. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये सोलेनॉइडना, म्हणजे गिअर बदलवणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हना, व्होल्टेज नीट पोचलं नाही की गिअर बदलायची वेळ चुकते आणि दोष सरळ बॉक्सच्या नावावर चढतो. या सगळ्यानंतर सकाळचा झटका आणि लिंप मोड, दोन्ही गेले. आजतागायत परत आले नाहीत.

थरथर मात्र तशीच राहिली, कारण ते दुखणंच वेगळं. हलक्या रेसवर स्थिर वेगात कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच (इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारा) जोडला जातो. ऑईल शिळं झालं असेल तर तो पकडतो-सोडतो, पकडतो-सोडतो. आमच्या बॉक्सला डिपस्टिक नाही. ऑईलची पातळी खालच्या प्लगमधून, इंजिन चालू ठेवून, ऑईल ठराविक तापमानाला आल्यावरच बघायची. उभ्या उभ्या बघून "फुल आहे" सांगणाऱ्या गॅरेजात थांबू नका.

काढलेलं ऑईल पांढऱ्या कागदावर टाकलं. नवं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक बॉक्सचं ऑईल, लालभडक असतं, हे तपकिरी होतं. करपट वास मात्र नव्हता, तेवढाच दिलासा. चेंबर, म्हणजे बॉक्सच्या तळाचं ऑईलचं भांडं, उतरवल्यावर मॅग्नेटवर करड्या रंगाचा मऊ लगदा होता. तो असतोच. चकचकीत कपच्या दिसल्या असत्या तर मी गाडी विकायला काढली असती. ड्रेन केल्यावर निम्म्याहून कमीच ऑईल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. त्यामुळे कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं ऑईल घालून, अधूनमधून गाडी चालवून, हीच क्रिया पुन्हा पुन्हा केली. फिल्टर आणि चेंबरचं पॅकिंग पहिल्याच वेळी बदललं. मशीन लावून एकदम फ्लश मारायला मी नको म्हटलं. इतक्या दिवसांचा साचलेला गाळ हलवून व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे बॉक्समधल्या ऑईलच्या बारीक वाटांत, पाठवायची हौस नव्हती. शेवटी स्कॅनरवरून बॉक्सच्या कंट्रोलरने गिअर बदलण्याबद्दल शिकून ठेवलेली जुनी शिकवण पुसून टाकली आणि दोन-चार दिवस गाडी सौम्य चालवली.

थरथर ऐंशी टक्के गेली. कधी पाचव्या-सहाव्यात, रेस अगदी हलकी असताना, अजून जाणवते. त्यासोबत जगतोय.

आंब्याच्या हंगामात खरी परीक्षा झाली. ओबीडीच्या, म्हणजे स्कॅनर लावायच्या, सॉकेटला छोटा डोंगल लावून फोनवर ऑईलचं तापमान बघत जातो. सपाटीला ऐंशी-नव्वद. साखरप्याच्या पुढे घाट लागला, पेट्यांचा भार, पुढे उसाची ट्रॉली नाहीतर एसटी, की आकडा शंभराच्या वर सरकतो. एकशेवीसच्या जवळ गेलेला मला चालत नाही, त्याआधीच जागा बघून थांबतो आणि इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवतो. चढावर ट्रॅफिक थांबलं तर रेसवर गाडी तोलून धरू नये, सगळी उष्णता कन्व्हर्टरमध्येच जाते; ब्रेक दाबा. चढताना मॅन्युअल मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा धरून ठेवला तर बॉक्स सारखा वर-खाली करत नाही. उतरतानाही तेच, म्हणजे ब्रेकचा वास येत नाही. भार घेऊन घाटात ॲव्हरेज दहाच्या आसपास, रिकामी असेल तर बरं.

आता जे आवडत नाही ते. धक्का मारून ही गाडी सुरू होत नाही, बॅटरी बसली की बसली. बंद पडली तर मागची चाकं रस्त्यावर ठेवून दोरीने ओढत नेऊ नका, इंजिन बंद म्हणजे ऑईलचा पंप बंद आणि बॉक्स आत कोरडा फिरतो. उचलून नेणारी गाडीच लागते, आणि ती घाटात वेळेवर मिळणं हा नशिबाचा भाग. गळतीही आमच्याकडे लवकर कळत नाही. जांभ्याच्या तांबड्या मातीत तांबडं ऑईल मिसळून जातं. मी पंधरवड्याने खाली शिरून चेंबरच्या कडेवरून आणि कूलरच्या पाइपांच्या जोडांवरून पांढरं फडकं फिरवतो. माती कोरडी पुसली जाते, ऑईल असेल तर फडकं ओलसर होतं.

स्विच, अर्थिंग, ऑईल, फिल्टर आणि मजुरी धरून सगळा खर्च तीस हजारांच्या आत बसला.

अशी गाडी घेणार असाल तर सकाळी, इंजिन थंड असताना बघायला जा, आणि मालकाला आधीच सांगा की चालू करून ठेवू नको. पी आणि एन, दोन्हीत स्टार्टर मारून बघा. आर आणि डी टाकल्यावर गिअर पडायला दीड-दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले, किंवा चढावर आरपीएम वाढतोय पण गाडी पळत नाही असं दिसलं, तर तो बॉक्स आतून सरकतोय. तिथे वायरमनचं काम नाही. अर्धा-पाऊण तास फिरवून गरम झाल्यावर पुन्हा तेच सगळं करा. आणि स्वतःचा स्कॅनर घेऊन जा. कोड नुकतेच पुसलेले असतील तर तेही त्यात दिसतं, कारण गाडीच्या स्वतःच्या चाचण्या तेव्हा अपुऱ्या दाखवतात.