कूतच्या कैद्यांचा शोध: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नोंदसेवा

ज्यांच्या घरातलं कुणी पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे गेलं आणि परतलं नाही, त्यांनी या कमिशनच्या, म्हणजे दोन्ही महायुद्धांत पडलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या कबरी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावरचा नावशोध जरूर वापरावा. पैसे पडत नाहीत.

माझे पणजोबा ११७व्या मराठा पलटणीत शिपाई. आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराला ब्रिटिश-हिंदी फौजेभोवती तुर्कांनी घातलेला वेढा १४७ दिवस चालला. अन्न संपलं आणि २९ एप्रिल १९१६ रोजी या फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंडने शरणागती दिली. सुमारे १३,००० जण तुर्कांच्या हाती पडले. हिंदी शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, कित्येकांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. पणजोबा त्या कैदेतच गेले. आजीने वडिलांचं तोंडसुद्धा पाहिलं नाही.

आमच्या चावडीच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे: गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. इराकमधल्या मोहिमेत पडलेल्यांसाठी कमिशनने उभारलेल्या बसरा स्मारकावरही तोच प्रकार. अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. या भेदभावाबद्दल कमिशनने २०२१ साली माफी मागितली. फार उशीर झाला, असं मला ठाम वाटतं. पण नोंदी खुल्या आहेत, याचं मोल आमच्यासारख्यांना विचारा. पणजोबांच्या नोंदीच्या पानावर हुद्दा, नंबर, पलटण, मृत्यूची तारीख आणि खाली वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा सातारा. तिथी माहीत नाही म्हणून आजवर त्यांचं श्राद्ध सर्वपित्रीलाच व्हायचं. आता जुनं पंचांग काढून तिथी पाहिली.

आडनावाने सापडलं नाही तर जादा माहितीच्या रकान्यात गावाचं नाव घाला, स्पेलिंगं बदलून बघा. 'मराठा'च्या जुन्या स्पेलिंगात मध्ये 'एच' आणि पुढे दोन 'टी' असतात.

एक लक्षात ठेवा. माणूस कैदेत गेला हे आमच्या पानावर नव्हतं, आणि शरणागतीनंतरची तारीख हा पुरावा नव्हे. जखमी होऊन वेढ्याआधीच बाहेर पडलेले, मागाहून भरती झालेले त्याच पलटणीचे लोकही होतेच. आमच्याकडे पणजीच्या पेन्शनचा कागद होता, त्यावर 'तुर्कांच्या कैदेत' असं लिहिलेलं. तुमच्याही ट्रंकेत असा कागद असेल तर तो आधी शोधा, नोंदीशी नंबर ताडून पाहा.

संकेतस्थळावरून नोंदीचं प्रमाणपत्र उतरवून छापता येतं. आम्ही ते ग्रामपंचायतीत दिलंय आणि पाटीशेजारी नावांची पाटी मागितलीय. गावातल्या बाकीच्यांची नावं याच ठिकाणी शोधतोय.