व्हेरिकोसीलचे निदान: आधी युरोलॉजिस्टची तपासणी की आधी डॉप्लर?

अंडकोशात डाव्या बाजूला जडपणा जाणवू लागला, किंवा वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या कमी आली, की व्हेरिकोसीलची, म्हणजे अंडकोशातल्या शिरा फुगण्याच्या दोषाची, शंका घेतली जाते. त्यानंतर थेट सोनोग्राफी केंद्रात जाऊन कलर डॉप्लर (रक्ताचा प्रवाहही दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्यावा, की आधी युरोलॉजिस्टकडून हाताने तपासून घ्यावे, हे ठरवावे लागते. माझ्या बाबतीत दोन्ही झाले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे पुढचे मत एका रुग्णाचे आहे, एवढे लक्षात घेऊन वाचावे.

डॉप्लरचे आकर्षण समजण्यासारखे आहे. सोनोग्राफीच्या खोलीत संकोच कमी वाटतो, हातात छापील रिपोर्ट येतो आणि त्यात शिरांची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. हाताच्या तपासणीत यांपैकी काहीच नसते. अनेक पुरुष यंत्राकडे आधी वळतात त्यामागे अचूकतेच्या ओढीपेक्षा हा संकोचच अधिक असावा, असे मला वाटते; निदान माझ्या बाबतीत तरी तो होता.

माझे मत फिरले ते रिपोर्टमधल्या एका उणिवेमुळे. शिरेची जाडी 3 मिलिमीटरच्या किंचित खाली आहे आणि डाव्या बाजूला ‘सौम्य’ व्हेरिकोसील आहे, असे त्यात लिहिले होते. परंतु हे माप मी आडवा असताना घेतले की उभा असताना, श्वास रोखून कुंथताना घेतले की स्वस्थ असताना, याचा कुठेही उल्लेख नव्हता. मला आठवते त्याप्रमाणे तपासणी पूर्णपणे आडवे पाडूनच झाली होती. हा तपशील किरकोळ नाही. शिरांमधल्या झडपा नीट मिटत नसल्यामुळे रक्त उलट खाली येते आणि शिरा फुगतात. माणूस आडवा झाला की तेच रक्त सहज वर निघून जाते आणि फुगवटा ओसरतो. युरोपीय युरॉलॉजी संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 3 मिलिमीटरहून अधिक जाडीची जी खूण दिली आहे, ती उभ्या स्थितीत आणि कुंथताना घेतलेल्या मापाची आहे, आणि तिच्या जोडीला 2 सेकंदांहून अधिक काळ उलटा प्रवाहही दिसावा लागतो. स्थिती न लिहिलेले माप या कसोटीला लावायचे कसे, हे मला तरी उमगले नाही.

युरोलॉजिस्टनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि मला उभे केले. खोली गार नसल्याची त्यांनी खात्री करून घेतली, कारण थंडीने अंडकोश आकसला की शिरा हाताला नीट लागत नाहीत. मग आधी स्वस्थ उभे असताना आणि नंतर कुंथायला लावून त्यांनी दोन्ही बाजू तपासल्या. डबिन आणि अमेलार या डॉक्टरांनी 1970 मध्ये मांडलेली श्रेणी आजही याच क्रमावर चालते: फक्त कुंथताना हाताला लागते ती पहिली, स्वस्थ उभे असतानाही लागते ती दुसरी आणि नुसत्या डोळ्यांना दिसते ती तिसरी. माझी दुसरी निघाली. मोजपट्टी नसूनही या तपासणीतून मला अधिक कळले, असे म्हणणे कदाचित धाडसाचे ठरेल. पण पुढच्या निर्णयाला उपयोग झाला तो हिचाच.

त्याला कारणही आहे. हाताला न लागणारे, केवळ सोनोग्राफीत दिसणारे व्हेरिकोसील असेल तर शस्त्रक्रियेची शिफारस करू नये, असे अमेरिकन युरॉलॉजी संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. वंध्यत्वाच्या पहिल्या तपासणीत अंडकोशाची सोनोग्राफी सरसकट करू नये, असेही त्यांत म्हटले आहे. सुमारे 15 टक्के पुरुषांना व्हेरिकोसील असते आणि त्यांतल्या अनेकांना त्याचा काहीच त्रास नसतो, हे पाहता ही सावधगिरी मला रास्त वाटते.

तरीही डॉप्लर मोडीत काढण्यासारखा नाही. शरीर स्थूल असेल, अंडकोशाची त्वचा जाड असेल, पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर दोष उलटल्याची शंका असेल, किंवा वाढत्या वयातल्या मुलाच्या दोन वृषणांच्या आकारातला फरक नेमका मोजायचा असेल, तर हाताचे अंदाज अपुरे पडतात. अशा वेळी डॉप्लर जरूर करावा. मात्र युरोलॉजिस्टच्या चिठ्ठीवर ‘उभ्या स्थितीत आणि कुंथताना’ असे स्पष्ट लिहून घ्यावे, आणि रिपोर्टमध्ये प्रत्येक मापासमोर स्थिती नोंदवायला सांगावे. गर्दीच्या केंद्रात याचा थोडा कंटाळा केला जातो, पण विनंती सहसा नाकारली जात नाही.

शिरांचा फुगवटा फक्त उजव्या बाजूला असेल, अचानक आला असेल किंवा आडवे झाल्यावरही ओसरत नसेल, तर मात्र हा आधी-नंतरचा हिशेब लागू होत नाही. डावी वृषणशीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून डावीकडचा दोष नेहमीचा असतो. वरील लक्षणांमध्ये मूत्रपिंडाजवळची गाठ शिरेवर दाब तर देत नाही ना, हे पाहण्यासाठी डॉक्टर पोटाचीही सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन सांगू शकतात आणि ती लांबणीवर टाकू नये.