प्रात सॉफ्टवेअर : शाहिरी आवाजावर दोन महिने वापरून बघितलं

आधी हे कशाला लागलं ते सांगतो, नाहीतर रिव्ह्यू कळायचा नाही. आमचे मामा पोवाडे गातात, वय झालंय म्हणून एका स्टुडिओत (नाव नाही घेत, माणूस चांगलाय) चार पोवाडे रेकॉर्ड करून घेतले. मिक्स होऊन फाइल आली आणि घरात सगळे गप्प. सूर बरोबर, शब्द कळतायत, पण मामा तोंडावर उपरणं धरून गातायत असं वाटत होतं. स्टुडिओवाला म्हणाला, आवाज टोचत होता, वरचा कचरा काढला. आता कचरा म्हणजे नक्की काय काढलं हे मला नीट विचारता येईना आणि त्याला सांगता येईना, दोघं नुसते हातवारे करतोय. तेव्हा भाषाशास्त्र शिकणाऱ्या चुलतबहिणीनं लॅपटॉपवर प्रात हे आवाजाचे आलेख काढणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं.

ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्समा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलंय, चक्क फुकट, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हीवर चालतं. डचमध्ये प्रात म्हणजे 'बोल'. उघडलं की दोन खिडक्या येतात, त्यातली चित्रांची मी रोज आधी बंद करतो. दिसायला जुनाट आहे, आणि १० सेकंदांपेक्षा मोठा तुकडा समोर असला तर नुसत्या लाटेखेरीज काही दाखवतच नाही, झूम करा म्हणतं. पहिल्या दिवशी मला वाटलं फाइलच बिघडली.

पण एकदा हात बसला की मजा आहे. कच्च्या रेकॉर्डिंगचा आणि मिक्सचा तोच तुकडा घेतला आणि दोन्हीचा एलटीएएस काढला, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला सरासरी किती जोर आहे त्याचा आलेख. कच्च्यात साधारण २५०० ते ३५०० हर्ट्झला चांगला उंचवटा, मिक्समध्ये तिथं सपाट! हाच तो कचरा. आपल्या कानाला ३००० हर्ट्झच्या आसपासचं सगळ्यात सहज ऐकू येतं, डफाचा दणका बराच खाली असतो, त्यामुळे या पट्ट्यात जोर असलेला आवाज डफावरून निघून पार मागच्या रांगेपर्यंत जातो. माइक नसताना जत्रेत गायलेली माणसं ही, त्यांचा घसा तसाच तयार झालाय. स्वरतंतू जोरात आणि झटकन मिटले की वरच्या हार्मोनिक्सना (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा फ्रिक्वेन्सींना) ताकद मिळते, आपण त्यालाच आवाजाला धार आहे म्हणतो.

आणि झीलकऱ्यांचं 'जी जी रं जी' बघाच एकदा. 'ई' म्हणताना तोंडातला दुसरा फॉरमंट (फॉरमंट म्हणजे घसा-तोंडाच्या पोकळीत जी फ्रिक्वेन्सी जास्त घुमते ती) २००० च्या वर आणि तिसरा ३००० च्या जवळ असतो, म्हणजे ज्या पट्ट्यात आवाज लांब जातो तिथंच हा स्वर आपोआप चमकतो. मुद्दाम कुणी शोधून काढलं असेल असं नाही म्हणत मी, पण बघून अंगावर काटा आला.

आता सावध कुठं राहायचं. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे वेळेप्रमाणे फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या चित्रावर, फॉरमंटचे लाल ठिपके दिसले की लगेच विश्वास ठेवू नका. मामा टिपेला गेले की मूळ सूर ४०० हर्ट्झच्या आसपास, मग हार्मोनिक्स ४००, ८००, १२०० असे लांब लांब पडतात, मधे फॉरमंट असला तरी दिसणार कशानं, सॉफ्टवेअर बापडं जवळच्या हार्मोनिकवर ठिपके ठेवून मोकळं होतं. तिथं स्पेक्ट्रोग्रामची विंडो लेंग्थ (एका वेळी तपासायच्या तुकड्याची लांबी) ०.००५ सेकंदावरून ०.०३ करायची आणि हार्मोनिक्सच्या रेघा डोळ्यांनी बघायच्या. जिटर-शिमरच्या (सूर आणि जोर क्षणाक्षणाला किती थरथरतो त्याच्या आकड्यांच्या) नादी तर लागूच नका, ती दवाखान्यातली मापं. जिटर १.०४ टक्क्यांवर गेलं की आवाज बिघडलेला धरायची एक पद्धत आहे, त्या हिशोबानं मामांना औषधच द्यावं लागेल, खरखर तर त्यांच्या गाण्याचा जीव आहे.

आलेख मोबाइलवर पाठवला तर स्टुडिओवाल्याला एका मिनिटात कळलं, ३००० चा कट काढून त्यानं परत मिक्स दिलं, जास्तीचे पैसेही घेतले नाहीत. मामांनी ऐकलं आणि म्हणाले, "हां, आता मी आहे."

माझ्याकडून साडेचार स्टार. फक्त तपासायचा आवाज व्हॉट्सॲपवरून आलेला नको, त्यात वरचं बरंच उडालेलं असतं, वेव्ह फाइलच घ्या. तुणतुणं शेजारी वाजत असेल तर तारेच्या रेघा आवाजात मिसळतात, म्हणून एक टेक नुसत्या गळ्याचा घ्या. आणि गाणारा जोशात पुढं सरकतो मग तुलना फसते, मी माइकच्या स्टँडला हातभर सुतळी बांधलीय, दुसरं टोक मामांच्या सदऱ्याच्या बटणाला.