कॅमिलसची जुनी पायलट सुरी: पाच इंच पातं, भरपूर आठवणी

१९८५ च्या सुमारास मामाने मस्कतहून पोकळ मुठीची सुरी आणली होती. मुठीत काड्यापेटीच्या काड्या, गळ, दोरा आणि टोपणात होकायंत्र. ते दर वेळी वेगळीच उत्तर दिशा दाखवायचं! पहिलाच नारळ सोलायला घेतला आणि पातं मुठीतून निखळून आलं. आजी विळीवर बसून हसत होती.

मागच्या महिन्यात इथे न्यू जर्सीत जुन्या बाजारात अमेरिकन हवाई दलाच्या वैमानिकांची सुरी चाळीस डॉलरला मिळाली. सुरीवर शिक्का: कॅमिलस (सुऱ्या बनवणारी अमेरिकन कंपनी), न्यूयॉर्क, १९६७. मूठ चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली. हातात घामाने ओली झाली तरी सुटत नाही. मागचं षटकोनी लोखंड हातोडीसारखं चालतं. तंबूच्या खुंट्या मी त्यानेच ठोकल्या. म्यानाच्या खिशात धार लावायचा दगडही शाबूत होता.

पात्याच्या पाठीवरचे दात मात्र लाकडाला निरुपयोगी. ते मुळात विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा फाडून बाहेर पडण्यासाठी. फांदी कापायला गेलात तर नुसता भुसा आणि शिव्या. पोलाद कार्बनचं, लिंबू कापलंत की काळं पडतं, ओलं ठेवलंत की गंजतं. आजीच्या विळीसारखंच: पुसा, तेलाचा हात फिरवा. मी खोबरेल लावतो.

कॅमिलसचा मूळ कारखाना २००७ मध्ये बंद पडला. जुनी दिसली तर मुठीतल्या चकत्या सैल नाहीत ना, तेवढं हलवून बघा. माझी विकायची नाही, आधीच सांगतो.